फेजला अडवणारं जनुक की फेजला लागणारं जनुक?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही ई. कोलाय के-१२ या प्रयोगशाळेतल्या जीवाणू-वाणावर लॅम्डा विर फेज सढळ हाताने टाकलात (फेज म्हणजे जीवाणूंना लागण करणारा विषाणू; लॅम्डाचा विर प्रकार पेशीत दडून न बसता तिला मारतोच). जीवाणूंचा थर जवळजवळ सगळा विरघळला, पण काही कॉलन्या तगल्या. त्यांतल्या ८ कॉलन्यांचा जीनोम वाचून घेतलात. लॅम्डा ज्याला धरून पेशीवर बसतो तो रिसेप्टर म्हणजे लॅमबी हे प्रथिन. त्यामुळे आठही कॉलन्यांत लॅमबीचंच जनुक मोडलेलं सापडेल, अशी तुमची अपेक्षा होती. निघालं वेगळंच: २ कॉलन्यांत लॅमबी, ५ कॉलन्यांत मॅलटी आणि एकीत मॅनवाय. आता तुम्ही विचारताय की मॅलटीला फेज-प्रतिकाराचं जनुक म्हणायचं का, मॅनवाय तर मॅनोज साखरेचं जनुक मग ते इथे कुठून उपटलं, आणि मुळात सीक्वेन्सिंगच चुकलं का.

सीक्वेन्सिंग चुकलेलं नाही. ही तिन्ही नावं लॅम्डावर काम करणाऱ्या कुणाच्याही ओळखीची आहेत. किंबहुना पहिल्याच खेपेला तिन्ही एकत्र हाती लागली, याचा मला थोडा हेवाच वाटला.

घोळ शब्दात आहे. ‘प्रतिकाराचं जनुक’ म्हटलं की डोळ्यांपुढे पहारेकरी उभा राहतो. पण जनुक मोडल्यावर जीवाणू वाचला, याचा अर्थ ते धड असताना फेजला त्याचा उपयोग होत होता. जीवाणूने ते स्वतःच्या पोटापाण्यासाठी ठेवलेलं होतं आणि फेज त्याच्यावर फुकटात काम भागवत होता. दुसऱ्या जातीची जनुकंही असतात: ती असली की फेज अडतो, गेली की फेज सुटतो. पहारेकरी हे नाव त्यांना शोभतं. पहिल्या जातीचं जनुक मोडलं काय किंवा दुसऱ्या जातीचं धड असलं काय, प्लेटवर परिणाम सारखाच: प्लाक, म्हणजे फेजने जीवाणूंच्या थरात पाडलेली स्वच्छ भोकं, दिसत नाहीत. जीनोममध्ये मात्र त्यांची दिशा उलटी असते. तुमच्या प्रयोगाची रचनाच अशी होती की त्यात पहिलीच जात दिसावी. ते कसं, हे पुढे येईल.

आधी तुमची तीन जनुकं घेऊ. फेज कुठवर पोचला आणि कुठे अडला, एवढंच प्रत्येकाबाबत विचारायचं.

लॅमबी म्हणजे जीवाणूच्या बाहेरच्या आवरणात तिघांच्या गटाने बसणारी प्रथिनं. त्यांच्या छिद्रांतून माल्टोज आणि त्याच्या लांब साखळ्या आत येतात. लॅम्डाच्या शेपटीच्या टोकाला ‘जे’ (J) नावाचं प्रथिन असतं, ते लॅमबीला चिकटतं. लॅमबी मोडलं की फेजला बसायला जागाच नाही. इथवर तुम्हाला ठाऊकच आहे.

मॅलटी आवरणात नसतंच. ते पेशीच्या आत राहून माल्टोजच्या सगळ्या जनुकांना चालू करतं आणि लॅमबी हे त्या जनुकांपैकीच एक. मॅलटी गेलं की लॅमबीच्या जनुकाचं अक्षर न् अक्षर जागेवर असूनही प्रथिन बनत नाही. बनलंच तर मोजक्या पेशींत, नावापुरतं. रिसेप्टरचं जनुक शाबूत दिसलं म्हणून पेशीवर रिसेप्टर आहे, असं धरून चालू नका. जीनोम वाचणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो.

मॅनवायचं प्रकरण आणखी मजेदार आहे. लॅम्डा लॅमबीवर बसला, तरी त्याच्या डीएनएला आतलं आवरण ओलांडून जायचंच असतं. त्यासाठी मॅनवाय आणि मॅनझेड ही दोन प्रथिनं लागतात. एरवी ती मॅनोज आत आणण्याच्या कामी असतात आणि आतल्याच आवरणात बसलेली असतात. ती मोडली की फेज पेशीवर नेहमीसारखा बसतो, पण डीएनएचा प्रवेश फसतो. जुन्या लिखाणात याच जनुकांचा उल्लेख ‘पेल’ या नावाने येतो. लॅम्डाच्या आत शिरण्यावरूनच ते नाव पडलं. मॅनोजशी असलेला त्यांचा संबंध नंतर जोडला गेला. म्हणजे तुम्हाला ‘साखरेचं जनुक इथे कसं’ असा प्रश्न पडला, तसा आधीच्या लोकांना ‘फेजचं जनुक साखरेत कसं’ असा पडला असणार.

आता ५ आणि २ या आकड्यांकडे या. तुम्ही लिहिलंय की मॅलटी जास्त वेळा आलं, म्हणजे ते जास्त महत्त्वाचं. इथे जरा थांबा. या आठही कॉलन्या एकाच रात्रीच्या कल्चरमधून, म्हणजे एकाच नळीत वाढवलेल्या जीवाणूंतून आल्या का? तसं असेल, तर त्या ५ कॉलन्यांतलं म्युटेशन (डीएनएतला बदल) अगदी त्याच अक्षरावर आहे का, हे आधी तपासा. असेल, तर तुमच्याकडे मॅलटीच्या ५ घटना नाहीत, एकच आहे. कल्चर वाढत असताना एका पेशीत म्युटेशन झालं आणि तिची पिल्लावळ तुम्ही पाचदा मोजलीत.

हा मुद्दा माझा नाही. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक यांनी नेमक्या याच गोष्टीवर आपला प्रसिद्ध प्रयोग उभारला. ई. कोलाय आणि टी१ फेज घेऊन त्यांनी पुष्कळ छोटी कल्चरं वेगवेगळी वाढवली आणि प्रत्येकात किती प्रतिकारक पेशी निघतात ते मोजलं. बऱ्याच नळ्यांत शून्य, काहींत दोन-चार, आणि एखाद्या नळीत अचानक शेकड्यांनी. फेज भेटल्यावर पेशी बदलत असत्या तर सगळ्या नळ्यांत आकडे साधारण सारखे आले असते. ते तसे आले नाहीत, कारण म्युटेशन फेज येण्याआधीच कधीतरी झालेलं होतं. लवकर झालं तर पिल्लावळ मोठी, उशिरा झालं तर छोटी. तेव्हा तुलना करायची असेल, तर ८ वेगवेगळ्या कॉलन्यांपासून ८ वेगळी कल्चरं लावा आणि प्रत्येकातून एकच तगलेली कॉलनी उचला. असं केल्यावरही मॅलटीच वरचढ ठरलं, तर एक साधं कारण आहे: मॅलटीचं प्रथिन ९०१ अमिनो आम्लांचं, लॅमबीच्या जवळपास दुप्पट. मोडायला जागा जास्त, म्हणून मोडतं जास्त. महत्त्वाशी त्याचा काही संबंध नाही.

मॅलटीबद्दल आणखी एक, थोडं आडवळणाचं. लेन्स्की यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या दीर्घकालीन प्रयोगात ई. कोलाय ग्लुकोजवर हजारो पिढ्या वाढवला गेला. तिथे फेजचा मागमूस नव्हता. तरी बऱ्याच वंशांत मॅलटीमध्ये म्युटेशन आली, कारण माल्टोज नसताना त्याची यंत्रणा पोसण्यात तोटाच होता. फेजशी त्या जीवाणूंची गाठच पडली नव्हती, पण लॅमबी कमी झाल्यामुळे लॅम्डाला तोंड द्यायची तयारी आपसूक झाली होती. एखाद्या जीवाणूत मॅलटी मोडलेलं दिसलं म्हणून तो फेजच्या तावडीतून गेला असेल, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही तो यासाठी.

आणि तुमची तिन्ही जनुकं एकाच गोष्टीत बघायची असतील, तर २०१२ मध्ये मेयर, लेन्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचा. त्यांनी ई. कोलाय आणि लॅम्डा यांना ९६ वेगवेगळ्या संचांत एकत्र वाढू दिलं. जीवाणूंत सुरुवातीला मॅलटीची म्युटेशन आली आणि लॅमबी घटलं. त्यावर २४ संचांत लॅम्डाने आपल्या ‘जे’ प्रथिनात किमान चार बदल जमवले आणि ओम्पएफ नावाच्या दुसऱ्याच छिद्रातून आत शिरायचं तंत्र मिळवलं. उरलेल्यांपैकी काही संचांत जीवाणूने मॅन जनुकं मोडून वाट आधीच बंद केली, मग फेजला नवा रिसेप्टर शिकून फायदाच उरला नाही. तुमच्या प्लेटवर या खेळाची पहिली चाल दिसतेय.

लॅम्डाच्या पलीकडेही चित्र साधारण असंच आहे. टी१ आणि टी५ हे दोन्ही फेज एफएचयूए या प्रथिनावर बसतात. त्याचं मूळ काम लोह आत आणण्याचं. टी६ न्यूक्लिओसाइड आत घेणाऱ्या टीएसएक्सवर बसतो. के-१२ वर टी४ ला ओम्पसी हे प्रथिन आणि लिपोपॉलिसॅकराइड (बाहेरच्या आवरणातले साखरेच्या साखळ्या जोडलेले चरबीचे रेणू) दोन्ही लागतात, टी७ चं निव्वळ लिपोपॉलिसॅकराइडवर भागतं. बाहेरच्या आवरणात जे जे अन्न आत घेण्यासाठी उघडं ठेवावं लागतं, त्यावर कुणी ना कुणी फेज टपलेला असतोच. म्हणून अशा प्रतिकाराची किंमत जीवाणूला बहुधा भुकेत मोजावी लागते. टी१ चं उदाहरण खास आहे. त्याला एफएचयूएसोबत आतल्या आवरणाशी जोडलेलं टॉनबी हे प्रथिनही लागतं, टी५ ला ते लागत नाही. समजा तुमच्याकडे टी१ ला दाद न देणाऱ्या दोन कॉलन्या आहेत. टी५ टाकून बघा. टी५ ने मारली ती टॉनबीची, टी५ लाही पुरून उरली ती बहुतेक एफएचयूएची. पन्नास वर्षांपूर्वी लोक असंच करायचे, सीक्वेन्सिंगवाचून, आणि ते आजही तितकंच चालतं.

फेज आत शिरल्यावरही त्याला जीवाणूचं बरंच काही उसनं घ्यावं लागतं. टी७ चं डीएनए पॉलिमरेज (डीएनएची नक्कल करणारं प्रथिन) एकटं असलं की डीएनएवरून दोन-चार पावलं चालून गळून पडतं. जीवाणूचं थायोरेडॉक्सिन हे प्रथिन त्याला चिकटलं की ते शेकडो अक्षरं सलग लिहितं. म्हणून थायोरेडॉक्सिनचं टीआरएक्सए जनुक काढलेल्या पेशीत टी७ बसतो, डीएनए आत टाकतो आणि तिथेच त्याचा कारभार आटोपतो. ती पेशी मात्र टीआरएक्सएशिवाय मजेत वाढते. लॅम्डाचं डोकं जोडायला जीवाणूचं ग्रोई लागतं. हे जनुक आज प्रथिनांच्या घडणीसाठी प्रसिद्ध आहे, पण ते सापडलं लॅम्डा न वाढू देणाऱ्या जीवाणूंमुळे. नावातलं ‘ग्रो’ फेजच्या वाढीवरून आलंय आणि ‘ई’ लॅम्डाच्या ई जनुकावरून.

याच ग्रोईमुळे तुमच्या यादीतली काही अदृश्य भोकं लक्षात येतील. ग्रोई पूर्ण काढलं तर ई. कोलाय जगतच नाही. जीवाणूच्या जगण्यालाच लागणारी अशी जनुकं तगलेल्या कॉलन्यांत मोडलेली कशी दिसणार? दिसली तर एखाद्या अक्षराच्या बदलाने, तेही क्वचित. एकेक जनुक काढून बनवलेल्या संग्रहांतही ती नसतात. २००६ च्या केइओ संग्रहात ३,९८५ जनुकं एकेक करून काढलेली आहेत, पण जी काढल्यावर जीवाणूच मरतो, ती अर्थातच त्यात नाहीत. फेजला लागणारी जनुकं शोधण्यासाठी लोक हा संग्रह सर्रास वापरतात. वापरावा, पण अशा यादीत नसणं हा पुरावा मानू नये.

आता पहारेकरी जनुकांकडे, आणि ती तुमच्या प्लेटवर का दिसली नाहीत त्याकडे.

के-१२ मध्ये परका डीएनए कापणारी एक यंत्रणा आहे: एचएसडी जनुकं. विशिष्ट जागी मिथाइलची खूण नसलेला डीएनए ती कापते आणि स्वतःच्या डीएनएवर तीच खूण करत राहते. ई. कोलायच्या सी या वाणात वाढवलेला लॅम्डा के-१२ वर टाकला, तर साधारण दहा हजारांत एखाद-दोनच प्लाक देतात. पण तुम्ही लॅम्डाचा साठा के-१२ वरच वाढवला होतात. त्या फेजच्या डीएनएवर के-१२ ची खूण आधीच होती, पहारेकऱ्याने त्याला घरचा माणूस समजून आत सोडलं. शिवाय हे जनुक मोडलं तर जीवाणू आणखी उघडा पडतो, वाचत नाही. मग तगलेल्या कॉलन्यांत ते मोडलेलं कसं सापडेल? केइओ संग्रह ज्या वाणावर बनवला, त्यात तर याच यंत्रणेतलं कापणारं जनुक, एचएसडीआर, आधीच बंद आहे, म्हणजे तिथेही ही यंत्रणा कधीच दिसणार नाही.

या यंत्रणेची एक खूण पाठच करून ठेवा. त्या दहा हजारांतून निसटलेला एखादा प्लाक उचला आणि पुन्हा के-१२ वर टाका: आता पूर्ण संख्येने प्लाक येतात. वाटेल, फेजमध्ये म्युटेशन झालं. तोच फेज एकदा सी वाणातून फिरवून आणा: पुन्हा दहा हजारांत एक. म्युटेशन असं एका फेरीत ये-जा करत नाही, खूण करते. १९५२ आणि १९५३ मध्ये लुरिया आणि ह्यूमन, बर्तानी आणि वाइगल यांना हा चमत्कार दिसला. तो डीएनएवर उमटतो हे १९६० च्या दशकात आर्बर यांनी दाखवलं. त्या धाग्याने १९७८ चं नोबेल आर्बर, स्मिथ आणि नेथन्स यांच्यापर्यंत पोचलं.

फेजच्या आड येणाऱ्या जनुकांतलं गॅलयू हे माझं फार लाडकं आहे. ते यूडीपी-ग्लुकोज, म्हणजे दुसऱ्या रेणूंवर चढवायला तयार असलेलं ग्लुकोज, बनवतं. ते मोडलं की लिपोपॉलिसॅकराइड आखूड राहतं आणि त्यावर बसणाऱ्या फेजची पंचाईत होते. पण टी४ सारखा फेज आपल्या डीएनएवर ग्लुकोज चढवून तो कापला जाण्यापासून वाचवतो, आणि ते ग्लुकोजही याच यूडीपी-ग्लुकोजमधून येतं. त्यामुळे गॅलयू नसलेल्या पेशीत जो काही फेज तयार होईल, त्याचा डीएनए उघडा असतो आणि पुढच्या साध्या के-१२ पेशीत तो कापला जातो. एकच जनुक, एकदा दारात आणि एकदा पुढच्या पिढीत आडवं येतं. जनुकाच्या नावावरून कारण ठरवू नका असं मी म्हणतो, तेव्हा माझ्या मनात गॅलयू असतं.

बाकीच्या संरक्षण यंत्रणांची यादी देत बसत नाही, ती रोज वाढतेय. क्रिस्परचं (जुन्या फेजच्या डीएनएचे तुकडे जपून ठेवून तो पुन्हा आला की कापणारी यंत्रणा) फेजविरोधी काम २००७ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जीवाणूत सिद्ध झालं. २०१८ मध्ये झोर्या, गाबिया वगैरे अनेक यंत्रणा एका दमात उजेडात आल्या, कारण अशी जनुकं जीनोममध्ये एकमेकांच्या शेजारी गोळा होतात हे लक्षात आलं होतं. तुमच्यासाठी कामाचा एकच इशारा: जनुक असणं आणि ते चालू असणं यात फरक आहे. के-१२ मध्ये क्रिस्परची जनुकं आहेत, पण नेहमीच्या परिस्थितीत एचएनएस हे प्रथिन त्यांना दाबून ठेवतं. जीनोममध्ये क्रिस्पर दिसलं म्हणून के-१२ ला त्याचं श्रेय द्यायला जाल, तर फसाल.

काही यंत्रणा लागण झालेल्या पेशीलाच मारून टाकतात, म्हणजे फेज तिच्यातून पिल्लं काढू शकत नाही आणि शेजारच्या वाचतात. यांची ओळख द्रव माध्यमात पटते: दर पेशीमागे फेज अगदी कमी टाकला तर कल्चर तगतं, भरपूर टाकला तर कोसळतं. रिसेप्टर नसलेलं कल्चर दोन्ही वेळा तगतं.

हे सगळं के-१२ पुरतं झालं. तुमच्या जागी रुग्णाकडून वा पाण्यातून मिळालेला वाण असता, तर मी उत्तराची सुरुवातच दुसरीकडून केली असती. प्रयोगशाळेतला के-१२ हा बोडका जीवाणू आहे. त्याच्या डब्ल्यूबीबीएल जनुकात आयएस५ हा उड्या मारणारा तुकडा घुसलाय, त्यामुळे बाहेरची ओ-प्रतिजनाची, म्हणजे साखरेच्या साखळ्यांची, झालर बनत नाही. ते जनुक दुरुस्त केलं की झालर परत येते, खालची प्रथिनं झाकली जातात आणि एरवी के-१२ ला लीलया संपवणारे बहुतेक फेज हात टेकतात. रानातल्या ई. कोलायला ही झालर सहसा असते. क्लेब्सिएला या जीवाणूत जाड कॅप्सूल, म्हणजे पेशीभोवतीचं साखरेचं वेष्टन, असतं. तिथे फेज मुळात कॅप्सूलच ओळखतो आणि तगलेल्या कॉलन्यांत बऱ्याचदा कॅप्सूल बनवणारी जनुकं मोडलेली सापडतात. स्युडोमोनास या जीवाणूच्या तगलेल्या कॉलन्यांत कधी कधी तपकिरी रंग दिसतो. रंगाचा फेजशी काहीच संबंध नाही: गॅलयूसकट जीनोमचा मोठा तुकडा गळून पडतो, त्याच तुकड्यात एचएमजीए हे जनुक असतं आणि ते गेल्यावर तपकिरी रंगद्रव्य साचतं. तिथे रंगावरून हटकून जीनोम वाचा, पण रंगाला कारण समजू नका. आणि दोन रानटी वाणांची तुलना करताना त्यांच्यात हजारो फरक असतात. त्यातला एक उचलून ‘हेच जनुक’ म्हणणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं.

तुम्ही आता काय करावं? पहिली गोष्ट फुकटात पडेल. आठही कॉलन्या माल्टोज घातलेल्या मॅकॉन्की प्लेटवर (घातलेली साखर पचवणारी कॉलनी जिच्यावर लाल होते) ओढा. मॅलटी गेलेल्या पांढुरक्या राहतील. लॅमबी गेलेल्या मात्र लाल होतील, कारण माल्टोज भरपूर असेल तर ते इतर छिद्रांतूनही आत येतं. लॅमबीची खरी गरज माल्टोज तुटपुंजं असताना किंवा लांब साखळ्यांसाठी पडते. मॅनोजच्या मॅकॉन्कीवर मॅनवायची कॉलनी इतरांपेक्षा फिकट दिसायला हवी. जीनोम न वाचता तिन्ही गट एका रात्रीत वेगळे होतात. यात एक गोम आहे. लॅमबीचं जनुक मॅलके या माल्टोजच्याच दुसऱ्या जनुकाच्या पाठोपाठ त्याच माळेत असतं, त्यामुळे मॅलकेतल्या काही बदलांनी लॅमबीही बंद पडतं आणि कॉलनी पांढुरकीच दिसते. पांढरी म्हणजे मॅलटीच, असं लगेच लिहू नका.

दुसरं, फेज पेशीवर बसतो की नाही ते मोजा. पेशींच्या मानाने फेज खूप कमी टाका, दर दोन मिनिटांनी नमुना घ्या, पेशी खाली बसवा आणि वरच्या पाण्यात मोकळा फेज किती उरला ते साध्या के-१२ वर मोजा. दहा मिनिटांत थांबा, त्या वेळेत नवा फेज बाहेर पडत नाही. लॅमबी आणि मॅलटीच्या कॉलन्यांत मोकळा फेज तसाच राहील. मॅनवायच्या कॉलनीत तो मूळ के-१२ इतक्याच वेगाने घटायला हवा. हा फरक दिसला की तुमच्या लेखाचं मुख्य चित्र तयार झालं.

तिसरं, आणि माझ्या मते खरं निर्णायक: मॅलटी मोडलेल्या पेशीत लॅमबी अशा प्लाझ्मिडवरून (डीएनएच्या सुट्या कड्यावरून) द्या की त्याला चालू व्हायला मॅलटी लागत नाही, अरॅबिनोज साखरेने चालू होणारं चालेल. फेज पुन्हा वाढू लागला, तर मॅलटीचा सगळा प्रभाव लॅमबीमार्फतच होता हे सिद्ध झालं. तेच प्लाझ्मिड मॅनवायच्या कॉलनीत घाला. तिथे काही फरक पडला नाही, तर मॅनवायची पायरी लॅमबीच्या पुढची आणि वेगळी, हेही त्याच दिवशी हाती येतं. आणि अर्थात मॅनवायचं धड जनुक परत देऊन संवेदनशीलता परतते का ते पाहा, कारण त्या कॉलनीत आणखी एखादं म्युटेशन लपलेलं असू शकतं. एकाच कॉलनीवर विसंबायची माझी तयारी नसते.

काही खड्डे सांगून ठेवतो. तगलेली कॉलनी निदान तीनदा ओढून शुद्ध करा. पहिल्या प्लेटवरच्या कॉलनीला फेज चिकटून आलेला असतो आणि तो पुढची सगळी मोजमापं नासवतो. तुम्ही विर वापरलात हे बरं केलंत: साधा लॅम्डा असता तर तगलेल्यांत बऱ्याच पेशी फेज पोटात घेऊन बसलेल्या निघाल्या असत्या आणि त्यांच्या जनुकांत काहीच बिघाड सापडला नसता. थेंब टाकून केलेल्या चाचणीत दाट साठ्याने थर स्वच्छ झाला म्हणजे फेज वाढला, असं नाही. सुटे प्लाक दिसेपर्यंत पातळ करत न्या. आणि माध्यमातलं ग्लुकोज बघा. ग्लुकोज असलं की मॅलटी आणि पर्यायाने लॅमबी दबतं. मी एकदा सलग दोन आठवडे एका ‘प्रतिकारक’ वाणाच्या मागे होतो. जीनोममध्ये काहीच सापडेना. शेवटी कळलं की थर घालायच्या अगारमध्ये (जेलीसारख्या माध्यमात) मीच ग्लुकोज टाकत होतो, सवयीने. माल्टोज आणि मॅग्नेशियम घातलेल्या माध्यमात वाढवल्यावर तो वाण लॅम्डासमोर पहिल्याच दिवशी आडवा झाला.

तेव्हा लेखात मॅलटीला ‘लॅमबीच्या निर्मितीसाठी आवश्यक’ आणि मॅनवायला ‘डीएनएच्या प्रवेशासाठी आवश्यक’ असं लिहा, तेही वरच्या चाचण्या झाल्यावर. त्या ५ कॉलन्यांत म्युटेशनचं अक्षर एकच आहे की वेगवेगळं, ते मात्र आजच फाइल उघडून पाहा. एकच निघालं, तर नवी कल्चरं लावल्याशिवाय पुढचं काही मोजू नका.